चक्कर, अशक्तपणा आणि काळाची साक्ष

भाताची लावणी संपत आलेली असते, पेणच्या गणपती-कारखान्यांत रंगकाम रात्री उशिरापर्यंत चाललेले असते आणि तिकडे रोह्याला कुंडलिका गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत असते, अशा आषाढ-श्रावणाच्या दिवसांत या दोन तालुक्यांतील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसून पाहावे. ‘चक्कर येते आणि हातापायांत जीव राहिला नाही,’ ही एकच तक्रार तेथे निरनिराळ्या मुखांतून पुनःपुन्हा कानी पडते. ती सांगणाऱ्यांत दिवसभर वाकून रोपे खोचलेली कातकरी स्त्री असते, मिठागरावर उमेदीची वर्षे घातलेला खारेपाटातील आगरी गृहस्थ असतो, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा तरुण कामगार असतो आणि मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, मधुमेहाच्या गोळ्यांची डबी खिशात बाळगणारे वृद्ध कारकूनही असतात. चौघांचेही शब्द एकच असले, तरी चौघांचे आजार एक असतीलच असे नाही. किंबहुना ते चार वेगवेगळ्या अवयवांचे आणि चार वेगवेगळ्या निकडीचे असण्याचाच संभव अधिक.

असे असूनही या चौघांच्या वाट्याला येणारा इलाज पुष्कळदा एकच असतो. नाडी पाहिली जाते, रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळून सोडला जातो, ‘अशक्तपणा आहे’ एवढा निवाडा होतो आणि रुग्णाला आतल्या खोलीत आडवे करून सलाईनची बाटली टांगली जाते. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन टोचल्याबरोबर तीतील पाणी पिवळेधमक होते आणि तो रंग पाहूनच रुग्णाच्या नातेवाइकांना अर्धे समाधान लाभते. या बाटलीत असते तरी काय, हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते आणि तिच्यापासून मिळणारी शक्ती शंभर कॅलरींच्याही आत भरते, म्हणजे ज्या घरातून रुग्ण आला त्या घरातील बशीभर पोह्यांनी याहून अधिक दिले असते. उलट्या-जुलाबांनी ज्याच्या शरीरातील पाणी आटले आहे त्याला सलाईन जीवदान देते, यात संशय नाही. परंतु ज्याच्या रक्तातील लोह संपले आहे, ज्याच्या मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बुजली आहे किंवा ज्याला रात्री मण्यार डसली आहे, त्याच्या बाबतीत तीच बाटली मोलाचा वेळ खाऊन बसते. म्हणून ‘अशक्तपणा’ या शब्दापाशी तपास संपवू नये. तपासाला आरंभ तेथून व्हावा.

तपास करावयाचा तर प्रथम साक्ष कोणाची घ्यावी? माझ्या मते काळाची. ही चक्कर किती वेळ टिकते, हे बळ किती तासांत, किती दिवसांत किंवा किती महिन्यांत गेले, आणि ते जाण्यापूर्वी माणूस कोठे होता व काय करीत होता, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली, तर महागड्या यंत्राची मदत घेण्यापूर्वीच निदानाची अर्धी वाट चालून झालेली असते. शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरीवर राखला जातो. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका डोके कोणत्या दिशेने वळले ते कळवतात, डोळे क्षितिज दाखवतात आणि पावलांच्या व सांध्यांच्या मज्जातंतूंतून जमिनीची जाणीव वर पोहोचते. या तिन्ही खबरींचा मेळ लहान मेंदूत व मस्तिष्कस्तंभात बसतो आणि तो बसण्यासाठी तेथे रक्ताचा प्रवाह अखंड चालू असावा लागतो. बळाचा मार्ग याहून वेगळा आहे. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून उतरतो, तेथून नसांत शिरतो, नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर एका रासायनिक द्रव्याच्या रूपाने पलीकडे जातो आणि मग स्नायू आकसतो. या लांबलचक मार्गावर कोठेही अडथळा आला, तरी रुग्ण एवढेच सांगणार की हातपाय गळाले.

कालमानाने सर्वांत अल्प अशी जी चक्कर, तिच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. रात्री कूस बदलताना, फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना किंवा पहाटे अंथरुणावर उठून बसताना घर एकाएकी गरगर फिरू लागते, मळमळते, मनुष्य घाबरून डोळे मिटून घेतो आणि मिनिटभरात सारे शांत होते. ऐकू कमी येत नाही, हातापायांचे बळ जात नाही, बोबडी वळत नाही. हा बहुधा कानाचा विकार असतो. अंतःकर्णाच्या एका कोशात चुनखडीचे सूक्ष्म स्फटिक चिकटून बसलेले असतात. वयपरत्वे, डोक्याला मार लागल्याने किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने ते सुटतात, नलिकेत घरंगळतात आणि डोके हलले की त्यांच्या हालचालीने नलिकेतील द्रव ढवळला जाऊन मेंदूला खोटी खबर जाते.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांचे नाव अग्रभागी आहे. रुग्णाचा कान पाण्याने धुताना पाणी गार असले तर डोळे एका दिशेला झटके देतात आणि ऊन असले तर उलट दिशेला, एवढ्या साध्या निरीक्षणावरून त्यांनी अंतःकर्णाचे कार्य उलगडले. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, त्या वेळी ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या बंदिवासात होते. पुढे १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी या विकाराची परीक्षा नेमकी करून ठेवली: रुग्णाला खाटेवर बसवावे, त्याचे डोके एका बाजूला अर्धे वळवावे, मग त्याला झर्रकन असे निजवावे की मान खाटेच्या कडेखाली किंचित लोंबेल, आणि त्याच्या डोळ्यांकडे टक लावून पाहावे. काही क्षणांच्या विलंबाने बुबुळे फिरकी घेत थरथरू लागतात आणि थोड्याच वेळात स्थिरावतात. अमेरिकेतील जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा स्वस्थानी नेता येतात. तिला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. तरीही असे कितीतरी रुग्ण ‘मानेचे मणके झिजले’ अशा समजुतीने वर्षानुवर्षे गळपट्टा वागवीत हिंडतात, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणारी चक्कर निराळी. तीत घर फिरत नाही. दृष्टी मंदावते, कानात गुंजते, पाय लटपटतात आणि बसले की बरे वाटते. येथे रक्तदाब उभ्याने खाली उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. रक्तदाबाच्या किंवा वृद्धांच्या मूत्रविकाराच्या गोळ्या हे त्याचे एक सामान्य कारण, आणि पाण्याचा तोटा हे दुसरे. खारेपाटातील मिठागरांवर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, उघड्या आभाळाखाली, पांढऱ्या मिठावरून परावर्तित होणाऱ्या उन्हात जे राबतात, त्यांच्या घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. ज्याच्या सभोवार मिठाच्या राशी पडलेल्या असतात, त्याच्याच शरीरात मिठाची तूट पडावी, ही त्या व्यवसायाची विलक्षण स्थिती आहे. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. रक्तदाब रुग्णाला बसवून मोजला तसाच त्याला उभे करूनही मोजावा, एवढी तसदी घेतली तरी या जातीच्या चकरेचा उलगडा होतो. बंद खोलीत फवाऱ्याने मूर्ती रंगविणाऱ्या कारागिराला थिनरच्या वासाने येणारी भोवळ मात्र उघड्यावर आल्यावर ओसरते, आणि हीच तिची खूण. तिच्यावर इलाज गोळीचा नसून खिडकीचा आहे.

आता महिन्यांच्या हिशेबाने येणाऱ्या अशक्तपणाकडे वळू. कारण या प्रदेशातील सर्वांत मोठा, सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित आजार तेथेच आहे. त्याचे नाव रक्तक्षय अथवा पंडुरोग. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांच्या रक्तात लोहरंजकाचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे, प्रमाण अपुरे आढळले. निम्म्याहून अधिक स्त्रिया ज्या आजाराने ग्रासल्या आहेत, तो आजार घरातल्यांना आजार वाटतच नाही. बाईमाणसाला दम लागायचाच, चढण चढताना बसावे लागायचेच, असे गृहीत धरले जाते. गर्भारपण नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गर्भवतीच्या ११ च्या खाली गेले, की रक्तक्षय समजावा. ते हळूहळू उतरते, म्हणून शरीर निमूटपणे सोसत राहते आणि सहा-सात ग्रॅमवर आलेली स्त्रीसुद्धा डोक्यावर हंडा घेऊन चालत असते.

लोह जाते कोठे? काही मासिक स्रावात जाते, काही बाळंतपणांत जाते. आणि काही आकडकृमी नावाच्या जंतांच्या पोटात जाते, ज्याचा विचार भातशेतीच्या प्रदेशात अवश्य व्हावा. या जंताची अळी ओल्या, मळलेल्या मातीत वाढते, अनवाणी पावलाच्या बोटांच्या बेचक्यांतून त्वचेत शिरते, रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचते, तेथून घशात चढते, गिळली जाते आणि लहान आतड्याच्या अस्तराला दातांनी किंवा धारदार पट्ट्यांनी चिकटून रक्त शोषते. एक जंत दिवसाला अगदी थोडे रक्त खातो. पण शेकडो जंत वर्षानुवर्षे खात राहिले, तर लोहाची कोठी रिकामी होणारच. आल्बेंडाझोलची एक गोळी, पायांत वहाण आणि घरात शौचालय, असा याचा तिहेरी बंदोबस्त आहे. आहाराचेही तेच. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातील लोह आतड्यात पुरते शोषले जात नाही. उलट वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करण्याची जी आपल्याकडची जुनी रीत आहे, तिने कडधान्यातील लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य कमी होते. चवीसाठी केलेल्या त्या खटाटोपात रक्ताचेही हित साधले जाते, हे आपल्या आजीबाईंना कोणी सांगितले नसेल. तरी त्यांच्या हातून ते घडत आले.

परंतु प्रत्येक पंडुरोग लोहाचा नसतो, आणि याचा एक महत्त्वाचा पुरावा मिळाला तो आपल्याच मुंबईत. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि गिरण्यांच्या वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनी तपास आरंभिला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या, आणि लोह देऊन त्यांना गुण येत नव्हता. विल्सबाईंनी या स्त्रिया काय खातात ते बारकाईने टिपले. गरिबीच्या आणि भाजी-फळांच्या अभावाच्या प्रमाणात रोग वाढतो, असे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, यकृताचा अर्क वापरून पाहिला आणि अखेर यीस्टपासून बनविलेले मार्माइट नावाचे एक स्वस्त, काळसर, खारट चाटण रुग्णांना दिले. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले; त्या चाटणातील अज्ञात द्रव्य काही वर्षे त्यांच्याच नावाने ओळखले जात होते आणि पुढे तेच फॉलिक आम्ल म्हणून सिद्ध झाले. आज प्रत्येक गर्भवतीला लोहाच्या गोळीबरोबर जे फॉलिक आम्ल मिळते, त्याचे मूळ मुंबईच्या त्या गरीब स्त्रियांच्या ताटात आहे. परदेशातून आलेल्या एका स्त्रीने रुग्णांच्या जेवणाची इतक्या आस्थेने चौकशी केली म्हणूनच हे साधले, आणि म्हणूनच ‘काय खाता?’ हा प्रश्न विचारण्यास ज्याला सवड नाही त्या वैद्याबद्दल मला विषाद वाटतो.

याच कुळातील दुसरे द्रव्य म्हणजे बी-बारा जीवनसत्त्व. ते वनस्पतींत तयार होत नाही. सूक्ष्म जंतू ते बनवतात आणि मांस, मासे, अंडी व थोड्या प्रमाणात दूध यांतून ते आपल्यापर्यंत येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडवस्त्यांतील आणि शहरी मध्यमवर्गातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-बारा कमी असल्याचे दिसले. पेणच्या एकाच आळीत ज्याच्या घरी रोज ओले-सुके मासळीचे कालवण शिजते तो आणि ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार चालत आला आहे तो, हे दोघे शेजारी असले तरी या बाबतीत त्यांच्या रक्ताची जमाखर्चाची वही वेगळी असते. यकृतात बी-बाराचा साठा कित्येक वर्षे पुरेल इतका असतो, म्हणून तूट फार हळू उघडी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती लवकर पडते, आणि आमचे ते निवृत्त कारकून याच गटात मोडतात.

त्यांना तपासण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पायांना मुंग्या येतात, गादीवरून चालल्यासारखे वाटते आणि अंधारात तोल जातो, असे ते सांगतात. सकाळी तोंड धुताना साबणामुळे डोळे मिटले की झोकांडी जाते, हेही विचारल्यावर आठवते. त्यांना जोडलेल्या पावलांनी उभे करावे. डोळे उघडे असताना ते ठीक उभे राहतात. मग डोळे मिटावयास सांगावे आणि आपले दोन्ही हात त्यांच्या दोहों बाजूंस सज्ज ठेवावेत, कारण ते तत्काळ डुलू लागतात. पावलांकडून येणारी खबर मज्जारज्जूच्या मागील भागातच थांबलेली असल्यामुळे इतके दिवस डोळ्यांच्या आधारावर तोल चाललेला होता, तो आधार गेला. कंप पावणारा नादकाटा घोट्याच्या हाडावर टेकवला तर त्यांना त्याचा थरकाप जाणवत नाही, आणि तोच नादकाटा कपाळावर टेकवला की ते लगेच मान डोलावतात. अशा माणसाला नुसते फॉलिक आम्ल देणे हा मोठा अपाय आहे: त्याने रक्त सुधारते, चेहऱ्यावर तेज येते, सर्वांना बरे वाटते आणि आत मज्जारज्जूची झीज मात्र चालूच राहते. बी-बाराची इंजेक्शने वेळेवर मिळाली तर ही झीज थांबते आणि पुष्कळशी भरूनही येते. वर्षभर उशीर झाला तर तितकी येत नाही.

तासांच्या हिशेबाने बळ गेले तर मात्र विचाराला फुरसद नसते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, उचललेला एक हात आपोआप खाली येणे, वाचा अडखळणे, किंवा चक्कर इतकी तीव्र की माणूस आधाराशिवाय बसूही शकत नाही, ही मेंदूतील रक्तप्रवाह तुटल्याची लक्षणे होत. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते आणि मेंदूचे सीटी चित्र पाहिल्यावाचून ते देता येत नाही. म्हणून रोह्याहून किंवा पेणहून निघताना कोठे सीटी यंत्र चालू आहे हे फोनने आधी विचारून, अलिबाग किंवा पनवेलची वाट धरावी. अर्धांगवायूवर मालिश करणाऱ्याकडे नेण्यात गेलेली सकाळ ही गेलेलीच. निघण्यापूर्वी बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर मात्र अवश्य मोजावी, कारण गोळ्या घेऊन उपास केलेल्या मधुमेह्याची साखर उतरली म्हणजे तो हुबेहूब लकव्याचे सोंग करतो आणि त्यावर ग्लुकोज हाच अचूक इलाज असतो. सलाईनच्या बाटलीची आणखी एक खरी जागा ती येथे.

दिवसांच्या हिशेबाने, पावलांपासून वर चढत जाणारी दुर्बलता ही आणखी निराळी. जुलाब किंवा ताप येऊन गेला, आठ-दहा दिवस बरे गेले, मग जिना चढवेना, पुढे उठवेना, पुढे ग्लास उचलवेना, असा तिचा क्रम असतो. १९१६ मध्ये फ्रेंच सैन्यातील गियाँ, बारे आणि स्त्रोल या तिघा डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या वर्णनातून हा आजार ओळखीचा केला. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले संरक्षण चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते, असे त्याचे स्वरूप आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत त्याने ठाण मांडले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, तपासात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू काहींच्या शौचात आढळला आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. जेथे विहिरी, टँकर आणि बोअरवेल यांवर तहान भागते, त्या आपल्या तालुक्यांनी ही हकीकत पुण्याची म्हणून बाजूस सारू नये. अशा रुग्णाचा श्वास केव्हा ढासळेल हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे: त्याला दीर्घ श्वास घेऊन एका दमात अंक मोजावयास लावावे, जो वीसपर्यंतही पोहोचत नाही, त्याला रात्रभर गावातच ठेवण्याचा धोका पत्करू नये.

फवारणीच्या औषधाचीही येथेच नोंद करणे युक्त होईल. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशकाने घाम व लाळ सुटते, बुबुळे बारीक होतात आणि स्नायू फुरफुरतात; अॅट्रोपीनने घाम आणि लाळ आटोक्यात येते. पण दोन-तीन दिवसांनी, रुग्ण सावरला असे समजून घरी न्यायची तयारी चालू असता, त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते आणि श्वास दुबळा पडतो. हा मधला टप्पा श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये वर्णिला. म्हणून विषबाधेच्या रुग्णाने सकाळ-संध्याकाळ मान उचलून दाखवावी, हा नियमच ठेवावा.

आणि आता मण्यार. पावसाळ्याच्या रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाला ती डसते; तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा वेदना होत नाही, सूज येत नाही आणि दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटातील कळीने किंवा चकरेने. पित्त झाले असावे, असे समजून घरचे त्याला काहीतरी पाजतात. मग त्याच्या पापण्या जड होतात, दोन-दोन वस्तू दिसू लागतात, गिळवत नाही, आवाज नाकातून येतो, मान लुळी पडते. सापाच्या विषाने नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप पोहोचविणारी यंत्रणाच उद्ध्वस्त केलेली असते. पहाटेची पोटदुखी आणि मिटणारी पापणी यांची जोडी ज्याने पाहिली, त्याने इतर कोणताही प्रश्न विचारण्यापूर्वी ‘रात्री कोठे निजला होतास?’ हे विचारावे. मच्छरदाणी अंथरुणाखाली घट्ट खोचून खाटेवर निजणाऱ्याच्या बाबतीत हा संशय पुष्कळच कमी होतो.

विंचू आणि साप यांच्या दंशाचे शास्त्र या रायगड जिल्ह्याच्या मातीतच वाढले आहे, याचा आपल्याला अभिमान असावा. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, लाल विंचवाच्या दंशाने घामाने भिजून, हातपाय गार पडून, फुप्फुसांत पाणी भरून मरणारी मुले त्यांनी रात्री-अपरात्री उशाशी बसून पाहिली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध करून जगभरच्या वैद्यकाला नवी दिशा दिली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा नाही, निधी नाही, सहायक नाही, अशा स्थितीत घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि टिपणवही एवढ्याच साधनांवर हे काम उभे राहिले, ही गोष्ट प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरने मनात जपावी.

मण्यारीच्या दंशावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांविरुद्ध घोड्यांच्या रक्तातून तयार केलेली प्रतिविषाची लस द्यावी लागते. नागाच्या दंशात निओस्टिग्मीनने बळ परत येऊ शकते. मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा नसतो, कारण तेथे नसेचे टोकच निकामी झालेले असते आणि ते पुन्हा वाढावे लागते. तोवर श्वास बाहेरून पुरवावा लागतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत, रोह्यापासून अलिबागपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, रुग्णाच्या तोंडावर मुखवटा धरून अंबू पिशवी दर पाच-सहा सेकंदांनी दाबत राहणारा माणूस त्या घटकेला लशीइतकाच महत्त्वाचा असतो. आणि त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला रुग्ण हाकेला ओ देत नाही, चिमटा काढला तरी हलत नाही, त्याची बुबुळे विस्फारून स्थिर होतात आणि विजेरीच्या उजेडानेही आकसत नाहीत; तरीही मेंदूला श्वास मिळत असेल तर तो आत जागा असतो आणि शेजारी चाललेले बोलणे ऐकत असतो. अशा माणसाला मृत समजून पिशवी दाबणे कोणीही थांबवू नये. कृत्रिम श्वासावर काही दिवस, क्वचित काही आठवडे काढून असे रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी परततात.